चौथ्या वाट्याची करवत

मालनला सगळे भांडकुदळ म्हणायचे, आणि मला त्याचा अजूनही राग येतो. भांडकुदळ बाई कशावरूनही भांडते. मालन फक्त रांगेवरून भांडायची. अंधेरीच्या आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये ती भाताच्या टोपापाशी उभी असायची. कुणी पुढे घुसला, मग तो हमाल असो की साहेबाच्या मर्जीतला, की ती पळी उलटी धरून त्याला रांगेचं शेवटचं टोक दाखवायची. तिचं म्हणणं एवढंच, की ज्याची पाळी त्याची पाळी. तिची स्वतःची पाळी जन्मभर दुसऱ्यांनी खाल्ली होती, म्हणूनही असेल.

मी तिच्या शेजारच्या शेगडीवर, पोळ्यांना. मी मूळची साताऱ्याकडची, राहायला वाकोल्यात. माझा नवरा भीमराज रिक्षा चालवायचा. मालनचं सासर वर्सोव्याचं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा कावीळ होऊन गेला, मूलबाळ नाही. सासरच्यांनी तिला वर्सोव्यात एक खोली दिली होती आणि ती परत कशी घ्यायची याचा विचार ते अधूनमधून करायचे. मालन दाराला बाहेरून कडी घालून कामाला यायची आणि सांगायची, की कडी मी घातलीय, ती मीच काढणार. पण तिचा खरा जीव खाडीपलीकडे होता.

वर्सोव्याहून होडीने खाडी ओलांडली की मढ, आणि मढवरून थोडं पायी गेलं की तिच्या माहेरची वाडी. माड, ताड, चार-सहा कौलारू घरं, मागे दलदल. तिच्या आजोबांना चार मुलगे, म्हणून वाडीचे चार वाटे. त्यातल्या तिघांना एकेक मुलगा. वयाने थोरला धाकू, मग शिवदास, मग लवू. चौथा वाटा काशीरामचा, आणि काशीरामला एकटी मालन. म्हातारा असेपर्यंत ती सुट्टीच्या दिवशी होडी धरून त्याच्यासाठी भाकरी करायला जायची. तो गेल्यावरही ती जातच राहिली. अंगण सारवायची, कौलं चाळायची, दिवा लावून परत यायची. धाकूला हे जाणं खुपायला लागलं.

तिच्या घरामागे रायवळ आंब्याचं जुनं झाड होतं. आजोबांनी लावलेलं, चौघांचं सामायिक. त्याला कीड लागली आणि ते उभं वाळलं. पाठोपाठ ते कलायला लागलं, आणि कललं ते नेमकं मालनच्या कौलांकडे. झाड तोडायला हवं हे आंधळ्यालाही दिसत होतं. पण तिकडच्या वाड्यांत सामायिक झाडाची एक रीत आहे. सगळ्या वाटेकऱ्यांनी बुंध्यापाशी जमायचं आणि वयाप्रमाणे एकेकाने कुऱ्हाडीचा एक घाव घालायचा. याला ते हात लावणं म्हणतात. मग मजूर झाड पाडतात, लाकडाचे वाटे जमिनीवर मांडले जातात आणि एकेकाचं नाव मोठ्याने घेतलं जातं. ज्याने हात लावला, ज्याचं नाव घेतलं गेलं, तो वाटेकरी. कुणाची सातबाऱ्यावर नोंद आहे नि कुणाची नाही, हे तिथे कुणी विचारायला जात नाही.

मालन धाकूकडे गेली आणि म्हणाली, सगळ्यांना बोलाव, हात लावून मोकळे होऊ, पावसाच्या आत झाड खाली आलं पाहिजे. धाकू ओटीवर बसून सुपारी कातरत होता. त्याचं उत्तर तिने मला दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये जसंच्या तसं सांगितलं.

"पोरीचा हात कुऱ्हाडीला लागत नाही, मालन. काशीरामकाकाचा वाटा काकाबरोबर गेला. झाड देवाच्या मनात येईल तेव्हा पडेल."

देवाच्या मनात कुठे पाडायचं आहे, हे धाकूला पक्कं ठाऊक होतं. झाड पडलं की मालनचं घर जाणार. घर गेलं की राहणार नुसतं जोतं, आणि रिकाम्या जोत्यावर धाकूचा गोठा उभा राहायला कितीसा वेळ लागतो. तो काहीच करत नव्हता, आणि त्यामुळे त्याला कुणी बोलही लावू शकत नव्हतं. अशा माणसाचा मला जास्त संताप येतो. हातात काठी घेऊन येणारा निदान समोरून तरी येतो.

मालनने मजूर शोधले. वाडीतल्यांनी सांगितलं, धाकूशेटला विचारून ये. मढमधल्यांनी सांगितलं, तुमच्या भावकीत आम्ही नाही पडणार. वॉर्ड ऑफिसातून मेलेलं झाड तोडायची परवानगी तिने रीतसर मिळवली होती, पण तोडायला माणूस मिळेना.

त्याच सुमारास आमच्या कारखान्याच्या आवारात गुलमोहर सायकल स्टँडवर पडला. कंत्राटदाराचा एक माणूस आला, बरोबर एक मशीन, पुढे लांब पातं आणि पात्याभोवती दातांची साखळी. दोरी ओढली, मशीन ओरडलं आणि सकाळचा चहा ते दुपारचं जेवण एवढ्यात गुलमोहराचे ओंडके झाले. मालन हातातली पळी तशीच घेऊन बाहेर उभी राहिली होती. भात लागला, साहेब ओरडला, तरी ती आत आली नाही. माणूस मशीन पुसायला बसला तेव्हा तिने त्याला विचारलं, की याला किती माणसं लागतात. तो म्हणाला, एक. मालन आत आली, करपलेला भात वेगळा काढला आणि मला म्हणाली, "राधे, मला हे पाहिजे."

मी आधी हसले. मग तिचं तोंड पाहिलं आणि हसायची थांबले. भिशीची तिची पाळी नुकतीच लागली होती. त्यातून ती बांगड्या करणार असं आम्ही सगळ्याजणी धरून चाललो होतो.

एका रविवारी भीमराजच्या रिक्षातून आम्ही तिघं साकीनाक्याला गेलो. तिथे जुन्या-नव्या मशिनरीची दुकानं आहेत. पंप, जनरेटर, भंगारात निघालेल्या जहाजावरचं सामान, काय वाटेल ते मिळतं. एका दुकानात तशा तीन करवती निघाल्या. दुकानदार शेठ माणूस म्हणून गोड होता, पण त्याची एक खोड मला पहिल्या मिनिटाला लक्षात आली. प्रश्न मालन विचारायची आणि उत्तर तो भीमराजला द्यायचा. भीमराज बिचारा प्रत्येक वेळी मालनकडे बोट दाखवायचा, तरी शेठची मान काही वळेना.

पहिली करवत विजेवरची. आवाज कमी, पेट्रोल नको, सगळ्यात स्वस्त. मी म्हटलं, हीच घे. मालन म्हणाली, वाडीत वीज आहे, पण ती धाकूच्या घरापर्यंत. पुढचा खांब त्याने स्वतःच्या जागेत रोवू दिलेला नाही. करवतीची वायर लावायला धाकूच्या ओटीवर जायचं असेल तर करवत घ्यायचीच कशाला. शेठला यातलं काही कळलं नाही, पण ती करवत बाजूला गेली.

दुसरी मोठी, पेट्रोलची, हातभर लांब पात्याची. जंगलातले ठेकेदार हीच नेतात असं शेठ म्हणाला. मालनने ती उचलली आणि समोर धरून उभी राहिली. शेठ बोलत राहिला. आणखी एक गिऱ्हाईक आलं, पंपाचा वॉशर घेऊन गेलं, तरी ती धरूनच उभी होती. हळूहळू तिचे खांदे थरथरायला लागले तेव्हा तिने ती खाली ठेवली. भाताचा भरलेला टोप ती एकटी उतरवायची, ताकदीला ती कमी नव्हती. पण तिचं म्हणणं, टोप शेगडीवरून काढून खाली ठेवायचा असतो, ही हातात धरून काम करायचं आहे. दमलेल्या हातात असलं चालू मशीन म्हणजे पाय गेलाच म्हणून समजा.

तिसरी लहान. पातं निम्म्याहून थोडं मोठं. ती मालनने तशीच धरली आणि बराच वेळ काही झालं नाही. शेठ हसला, ही फांद्या छाटायची आहे, आंब्याचा बुंधा हिला झेपायचा नाही. भीमराजलाही तसंच वाटलं. तो म्हणाला, मालनताई, मोठीच घ्या, मी येतो ना चालवायला.

मालनने करवत खाली ठेवली नाही. तशीच हातात धरून म्हणाली, "भीमराजभाऊ, तुम्ही चांगले आहात म्हणून तुम्हाला सांगते. मोठी घेतली तर ती चालवायला पुरुष लागणार. आज तुम्ही याल. पुढच्या साली तुमची रिक्षा भाड्यावर असेल, मग मी वाडीतला कुणीतरी बघणार, आणि तो धाकूला विचारून येणार. झाडं काय मी रोज तोडणार आहे? वर्षातून कधीतरी एखादा माड, एखादी फांदी. करवत झाडाच्या मापाची नको मला. माझ्या मापाची पाहिजे."

भीमराजने मोठी करवत उचलून बाजूला ठेवली. शेठची मान मात्र आता वळली. मालनने त्याला विचारायचं ते सगळं विचारलं. बोट काढलं की साखळी थांबते का, हातापुढची ढाल झटक्यासरशी साखळी अडवते का, दात बोथट झाले तर कानस कुठली, दुसरी साखळी कधीही मिळेल ना. बुंधा पात्यापेक्षा जाड असेल तर काय, याचं उत्तर शेठच्या कारागिराने दिलं. दोन्ही बाजूंनी कापायचं, घाई करायची नाही, आणि पात्याचं टोक लाकडाला लागू द्यायचं नाही, नाहीतर करवत उलटी अंगावर येते. मग शेठने दोरी ओढून मशीन चालू करून दाखवलं आणि बंद केलं. मालन म्हणाली, तुम्ही ओढलीत ते दिसलं, आता मी ओढते. दोन-तीनदा नुसता खोकला आला. मग ते असं गरजलं, की गल्लीतले लोक दुकानाच्या तोंडाशी जमा झाले. साडीतली बाई करवत धरून उभी बघून एक जण जोराने काहीतरी बोलला. मशीनच्या आवाजात ते कुणालाच ऐकू आलं नाही.

पुढे महिनाभर तिची सुट्टी जोगेश्वरीच्या एका वखारीत गेली. वखारवाल्याला त्याचे ओंडके फुकट कापून मिळत होते, त्यामुळे तो खूश. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते भीमराजने शिकवलं. रिक्षालाही तसंच लागतं, आणि काम झालं की टाकी रिकामी करून ठेवायची, नाहीतर पुढच्या खेपेला मशीन रुसतं, हेही त्याने बजावलं. साडीचा पदर साखळीत जाईल म्हणून मालनने स्टोअरमधून एक जुनी डांगरी मागून घेतली, तीच निळी, कामगार घालतात ती. एकदा टोक लागून करवत उसळली. ढाल होती म्हणून निभावलं. पुढच्या रविवारी ती पुन्हा वखारीत हजर होती.

मे महिन्यात आम्ही निघालो. मालन, मी, भीमराज आणि कँटीनमधल्या चौघीजणी. मालनच्या सासरच्या आळीतल्या एका नाववाल्याने जाड दोर आणि नाव ओढायची चेनपुली दिली होती. होडीत मालन डांगरी घालून, मांडीवर कापडात गुंडाळलेली करवत घेऊन बसली होती. लोक टकमका बघत होते. एका म्हातारीने विचारलं, काय गं, मासे कापायला चाललीस का. मालन म्हणाली, नाही आजी, भाऊबंद. होडी हसली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तिची कौलंच होती. झाड चुकीच्या बाजूला पडलं असतं तर घर तर गेलंच असतं, वर सगळ्या वाडीने म्हटलं असतं, की बघा, बाईने हात लावला.

मालनच्या ओळखीचा नंदू मार्व्याकडे ताडी काढायचा, तो आला होता. त्याने शिडी लावून झाडाच्या वरच्या बाजूला दोर बांधला. दुसरं टोक घराच्या उलट दिशेला, लांबच्या जिवंत ताडाला, मधे चेनपुली. दोर ताणला तसं वाळलेलं झाड कुरकुरलं. एवढं झाल्यावर मालनने करवत आत नेऊन ठेवली आणि मला तिन्ही घरी पाठवलं. निरोप असा, की सामायिक झाड आज पडतंय, हात लावायला या.

मला वाटलं होतं, तिला हे गुपचूप उरकायचं असेल. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, चोरून तोडलं तर ते धाकूचंच झाड होईल.

तिघंही आले. मागून त्यांच्या बायका, शेजारपाजार, सगळी वाडी. धाकू सरळ जाऊन बुंध्याला पाठ लावून उभा राहिला. मालनने कुऱ्हाड घेतली आणि दांडा पुढे करून त्याच्यासमोर धरली.

"तू थोरला. आधी तुझा हात. मग शिवदास, मग लवू, मग मी."

धाकूची अडचण मला तेव्हा कळली. कुऱ्हाड घेतली तर रांग सुरू होणार, आणि रांगेत चौथी मालन. नाही घेतली तर सगळ्या वाडीदेखत त्याचाच हात लागायचा राहणार. तो हाताची घडी घालून म्हणाला, की मी हात लावत नाही, आणि माझ्यावाचून हे झाड कोण तोडतं ते बघतोच. मालन दांडा पुढे धरून उभीच राहिली. शेवटी धाकटा लवू पुढे आला. त्याची लहान पोरं त्याच झाडाखालून दिवसभर पळायची. त्याने हळूच धाकूचा दंड धरला, म्हणाला, दादा, सरक. धाकू पाऊलभर बाजूला झाला, तसं लवूने शिवदासकडे बघितलं. शिवदासने मान खाली घातली, कुऱ्हाड घेतली आणि एक घाव घातला. मग लवूने. मग मालनने. तिचा घाव फार खोल नव्हता, पण त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

धाकू हसला. "घातलास घाव. आता पाडणार कोण? या वाडीतला एक माणूस तुझ्यासाठी कुऱ्हाड उचलणार नाही."

मालन घरात गेली आणि करवत घेऊन बाहेर आली. सगळ्यांना लांब उभं केलं, धाकूलाही. त्याला तिने हात लावला नाही, फक्त दोरी ओढली. मशीन सुरू झालं आणि धाकू आपसूक मागे झाला. आधी तिने दोराच्या बाजूने खाच काढली, मग उलट बाजूने थोडं, मग पुन्हा पहिल्या बाजूने, असं पातं काढून-घालून. दमली की बोट काढून थांबायची. आम्ही बायका चेनपुलीची साखळी ओढत होतो, हातांना फोड आले. झाड एकदा घराकडे झुकल्यासारखं वाटलं तेव्हा आम्ही साखळीला अक्षरशः लोंबकळलो. मग आतून मोठा कडाका झाला आणि आंबा दोराच्या बाजूला, मोकळ्या जमिनीवर आडवा झाला. मालनच्या कौलांवर नुसती धूळ उडाली. तिने मशीन बंद केलं आणि घराच्या भिंतीला टेकून रडली. मीही रडले, लपवायचं कशाला.

दुपारभर ती ओंडके पाडत होती. शिवदास आणि लवू उचलून रचत होते. मग वाटे मांडायला घेतले. चौथा मांडताना शिवदास थांबला. त्याचं म्हणणं, रीतीप्रमाणे हात तीनच लागले, दादाचा वाटा निघत नाही. जमलेल्यांनी माना डोलावल्या. खरं सांगते, मला आनंद झाला होता. बरी जिरली असं मी मनात म्हणत होते.

मालन म्हणाली, "हात लागला नाही म्हणून वाटा जात असेल, तर माझा कधीच गेला होता. त्याला बोलावलं, तो आला. त्याचा वाटा आहे."

आणि तिने पहिलं नाव मोठ्याने घेतलं, धाकू. मग शिवदास. मग लवू. मग थोडं थांबून, तितक्याच मोठ्याने, मालन काशीराम. कुणी हरकत घेतली नाही. लवूच्या बायकोने मालनचा वाटा उचलून तिच्या अंगणात नेऊन ठेवायला मदतसुद्धा केली.

धाकूचा वाटा तसाच पडून राहिला. तो ओटीवर जाऊन बसला होता, पाठ आमच्याकडे करून. ऊन कलल्यावर त्याची बायको जानकी टोपली घेऊन लाकडं न्यायला आली. इतक्या वर्षांत ती मालनशी चार शब्दही बोलली नव्हती, असं मालन सांगायची. तिने टोपली अर्धी भरली, मग खाली ठेवली आणि अंगणात करवत पुसत बसलेल्या मालनपाशी येऊन उभी राहिली.

"मनोरीला माझ्या बापाच्या जागेत फणस वाळलाय," ती म्हणाली. "मला तीन भाऊ. गेल्या महिन्यात हात लावायला जमले होते. मला कुणी कळवलं नाही."

मालनने विचारलं, पाडला का. जानकी म्हणाली, नाही, तिघांत भांडण लागलं, अजून उभा आहे. मालनने सरकून आपल्या बाजूला तिला जागा केली, करवत दोघींच्या मधे घेतली आणि साखळी सैल पडली की कशी ताणायची ते दाखवायला लागली. जानकी पदर खोचून बसली.

ओटीवरून धाकूने हाक मारली, लाकडं घेऊन ये. थोड्या वेळाने परत मारली, जरा जोरात.

जानकीने मान वर न करताच उत्तर दिलं, "येते. हे शिकून येते."